शाश्वत प्रवासाला निघालो

२८ मे

विमानानं जायचं नाही. निर्णय झाला.

पार्श्वभूमी टिपून ठेवतो. लेकीला फुटबॉलच्या स्पर्धेत एक सामना मिळाला आहे. खेळायला नव्हे, खेळवायला. मुख्य पंच. एवढ्या मोठ्या स्पर्धेत मुख्य पंच म्हणून पहिलाच सामना, सोळा जूनला दुपारी. फोन हिनं, म्हणजे लेकीच्या आईनं घेतला. लेक म्हणाली म्हणे, बाबांना सांग, या वेळी तरी या. मी आतल्या खोलीतून ओरडून सांगितलं, येतोय.

‘या वेळी तरी’ हा प्रयोग मला जरा लागला. आजवर तिचा एकही सामना मी पाहिलेला नाही, असं हिचं म्हणणं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण प्रत्येक वेळी कारण होतं, आणि कारणं सगळी वेगवेगळी होती, हे कोणी लक्षात घेत नाही.

यजमान शहर लांब आहे. सगळं जग तिथं विमानानं जाणार. एक चेंडू पाहायला आकाशात एवढा धूर. पृथ्वीचा विचार कोणीतरी करायला हवा. आगगाडी, बस, बोट आणि शेवटचा टप्पा सायकल. असा जाईन.

हिनं विचारलं, पृथ्वीचा विचार की पोटातल्या गोळ्याचा? मागच्या वेळी विमानात काय झालं ते आठवतंय ना? मागच्या वेळी काहीही झालं नव्हतं. वळताना मी हवाई सुंदरीचा हात धरला, तो केवळ तोल सांभाळायला. विमानाचा.

२९ मे

आमच्या पेपरच्या संपादकबाईंना योजना सांगितली. त्या वयानं माझ्या भाचीएवढ्या आहेत, पण मी त्यांचं मत विचारात घेतो. म्हणाल्या, सर, विमानानं जा, सामन्याचा रिपोर्ट द्या, परत या. मी हरित प्रवासावर लेखमालेची कल्पना मांडली. वीस मिनिटं मांडली. शेवटी म्हणाल्या, रिपोर्ट वेळेवर मिळत असेल तर तुम्ही रांगत गेलात तरी माझी हरकत नाही.

संमती मिळाली.

मालेचं नाव ‘शाश्वत प्रवास’. सस्टेनेबल म्हटलं की लोकांची जीभ अडखळते आणि आपल्या घरात एवढा सुबक शब्द पडून आहे. शश्वत् म्हणजे निरंतर, पुनःपुन्हा. त्यावरून शाश्वत. उपसंपादकाला वाचून दाखवलं. ह्याला सगळे कात्री म्हणतात, आणि त्यात प्रेम फारसं नाही. कात्री म्हणाला, सर, शाश्वत प्रवास म्हणजे जरा... म्हटलं, जरा काय? म्हणाला, काही नाही, कॉलम तुमचा आहे.

कार्बन फूटप्रिंटसाठी मी ‘अंगारपदांक’ हा शब्द घडवला होता. कात्रीचं म्हणणं, हे वाचून लोक रात्री दिवा लावून झोपतील. कापून ‘पाऊलखुणा’ केलं. घडवणाऱ्याला सोसावं लागतंच.

२ जून

आमच्या फोटोग्राफरनं घडीची सायकल दिली. एका झटक्यात उघडते, एका झटक्यात मिटते, असं त्यानं स्वतः करून दाखवलं. घरी आणल्यावर उघडली. मिटत नाही.

सराव सुरू. सोसायटीच्या फाटकापर्यंत झकास गेलो. येताना सायकल हातात धरून आलो, कारण जाताना जो उतार होता तोच येताना चढ निघाला. उद्यापासून रोज पहाटे.

३ जून

पहाट हुकली. गुडघ्याला विश्रांती देणं हाही सरावाचाच भाग.

५ जून

सामान काढलं. बांबूचा ब्रश, कापडी पिशवी, दोन शर्ट. चार्जर नाही. वीज म्हणजे शेवटी कोळसाच. फोन बंद ठेवायचा, फार तर दोन-तीन दिवसांतून एकदा पाहायचा. ही म्हणाली, चार्जर न्या, फोन हवा तेवढा बंद ठेवा. हा विचार तार्किक वाटतो, पण त्यात साधनेला जागा नाही.

संध्याकाळी मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. विमानाची तिकिटं काढून देण्याचा धंदा, त्यामुळे दृष्टी संकुचित. म्हणाला, भावजी, पंधरा तारखेच्या विमानात एक जागा तुमच्यासाठी धरून ठेवतो, असू दे. म्हटलं, अपमान करू नकोस. त्यानं हिच्याकडे पाहिलं. हिनं मान हलवली. कशासाठी हलवली ते कळलं नाही.

मग म्हणतो, शाश्वत म्हणजे कायमचा ना? मग परत कधी येणार? दोघं बहीणभाऊ हसत सुटले. मी शश्वत् या अव्ययाचा इतिहास सांगायला घेतला तेव्हा त्याला एक अर्जंट फोन आला.

६ जून

झोप नाही. तीनदा उठून टाइमटेबल पाहिलं. दर वेळी गाडी तीच, वेळ तीच. तरी चौथ्यांदा पाहिलं. ही म्हणाली, गाडी परवाची आहे, आज ती तुम्हाला टाकून जाणार नाही. मग खिडकीशी उभा राहिलो. मग स्वयंपाकघरात. मग पुन्हा पिशवी रिकामी करून भरली. ही अस्वस्थता नव्हे. प्रस्थानापूर्वीची एकाग्रता.

८ जून, सकाळ

निघतोय. आजच्या अंकात मालेची घोषणा आहे. मजकूर कालच कात्रीकडे दिला आणि पान लावणाऱ्याला स्वतः सांगितलं, माझ्या फोटोभोवती ठसठशीत हिरवी चौकट टाक. म्हणाला, टाकतो सर. अंक पाहायला थांबलो नाही. तोच मजकूर सगळ्या ग्रुपवरही टाकला. इथं उतरवून ठेवतो, कारण जमलाय:

‘आज मी शाश्वत प्रवासाला निघत आहे. माझी घाई नव्हती, पण बोलावणं आलं. ऐहिक सुखसोयींचा मोह सुटला आहे. मागे पाऊलखुणा राहू नयेत, एवढीच इच्छा. यापुढे फोन लागणार नाही. कोणी निरोपाला येऊ नये, फुलं आणू नयेत. त्याऐवजी एखादं झाड लावावं.’

ही वाचून म्हणाली, अहो, हे नका टाकू. म्हटलं, तुला भाषेतली धग जाणवत नाही. टाकलं आणि फोन बंद केला. हात किती हलका वाटतो.

ही तेरा तारखेला विमानानं जाणार. तिला समजावण्यात अर्थ नाही. दारातून म्हणाली, सोळाला दुपारी. मी म्हटलं, तुझ्या आधी पोचून स्टेडियमच्या दारात उभा असेन.

९ जून, जंक्शन, वेटिंग रूम

मुद्दाम सर्वांत धीमी गाडी घेतली. हळू जाणाऱ्या गाडीला इंधन कमी लागत असणार. ती हळू जाते हे सिद्ध झालं. पुढची गाडी मात्र फक्त शनिवारी आणि रविवारी सुटते. टाइमटेबलमध्ये बारीक अक्षरात छापलेलं असतं. एवढं बारीक छापणं ही एक प्रकारची लबाडीच.

चौकशीच्या खिडकीतल्या बाईंना विचारलं, आता काय करू? म्हणाल्या, बसा. विचारलं, किती वेळ? म्हणाल्या, ते तुमच्यावर आहे.

बसलो. उठलो. फलाटाच्या टोकापर्यंत गेलो, आलो. पुन्हा बसलो. बाकावर लोखंडी दांडे बसवलेत, आडवं होता येत नाही. मग आठवलं, प्रवास शब्दातला धातू वस् आहे. वस् म्हणजे राहणं. घरापासून दूर राहणं म्हणजे प्रवास. पुढे जाण्याचा त्यात काहीच संबंध नाही. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीनं माझा प्रवास उत्तम चालू आहे. उगाच तगमग करत होतो.

तरी डोळ्याला डोळा नाही.

१० जून, बंदराचा धक्का

बसनं इथवर आलो. सायकल मिटत नसल्यामुळे तिचंही तिकीट काढावं लागलं. ती खिडकीपाशी, मी उभा.

बोट उद्या. धक्क्यावर बसून फोन सुरू केला, आणि पाहतो तो नुसता पूर. घरचा ग्रुप, शाळेचा, सोसायटीचा, जुन्या पत्रकारांचा. थक्क झालो. पर्यावरणाच्या बाबतीत लोक इतके हळवे असतील अशी कल्पना नव्हती. एकानं लिहिलंय, अजून विश्वास बसत नाही. साहजिक आहे, ह्या वयात सायकल घेऊन कोण निघतं? दुसरा लिहितो, एका युगाचा अंत. विमानयुगाचा. नेमकं हेरलं. परवाच भेटले होते, काही बोलले नाहीत, असं एका बाईंनी लिहिलंय. तो माझा स्वभाव. सोसायटीच्या सेक्रेटरीनं, पार्किंगच्या वादानंतर पहिल्यांदाच, माणसासारखा सूर लावलाय: सगळ्या कटकटींतून सुटले. खरंच सुटलोय.

एकानं विचारलंय, एवढी काय घाई होती? ह्यानं माझी गाडी पाहिलेली नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, लिहितो: माझ्या आधी गेलास. त्यालाही सामन्याला यायचं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. वाईट वाटलं. विचारायला हवं होतं.

फक्त शाळेतला बाकमित्र खटकला. त्यांच्या पाऊलखुणा कायम राहतील, म्हणे. अज्ञान, दुसरं काय? त्या राहू नयेत म्हणून तर हा सगळा खटाटोप. उत्तर टाइप करायला घेतलं, ‘राहणार नाहीत, हमी देतो’, आणि पाठवणार तेवढ्यात बॅटरी संपली.

पण मन भरून आलं. इतका आदर जिवंतपणी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

११ जून

वाऱ्यामुळे बोट रद्द. उद्याचीही सांगता येत नाही. धक्क्यावरचा माणूस म्हणाला, वारा थांबला की सुटेल. वारा कधी थांबेल? म्हणाला, सुटायचा थांबला की.

बसून राहणं माझ्या प्रकृतीत नाही. सायकल काढली. किनाऱ्याकिनाऱ्यानं पुढच्या बंदरापर्यंत जायचं ठरवलं. तासभर जोर लावून पेडल मारलं. वाटेत एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत चालले होते. त्यांना मागे टाकलं. जरा वेळानं त्यांनी मला. जाता जाता म्हणाले, वारा समोरून आहे. ह्या माहितीचा मला काय उपयोग?

परत आलो. परत येताना वेग अफाट होता, म्हणजे माझ्यात दम नाही हा प्रश्नच निकालात निघाला.

१२ जून

हे शांतपणे लिहायला हवं.

सकाळी धक्क्यावरच्या टपरीत चहा घेत होतो. बिस्किटांच्या ट्रेमध्ये आमचाच पेपर अंथरलेला. त्यावर माझा फोटो. अर्ध्यावर बिस्किटं होती, ती बाजूला केली. आठ तारखेचा अंक, शेवटचं पान. आमची शेवटची पानं रंगीत छापत नाहीत. हिरवी चौकट काळी झाली होती. वर ‘शाश्वत प्रवासाला’ हे शब्द आणि खाली माझा मजकूर, बोलावणं, फुलं, झाड, सगळं. डावीकडे एका निवृत्त इंजिनिअरांचं निधन. उजवीकडे कोणाच्या तरी आजी. मध्ये मी. दोघांपेक्षा फोटो मोठा.

टपरीवाल्यानं आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, भाऊ का तुमचे? मी म्हटलं, मीच. त्यानं चहाचा कप हळूच माझ्यापुढे सारला आणि म्हणाला, हा राहू द्या, माझ्याकडून.

धक्क्यावरचे ते संदेश एकेक करून आठवायला लागलो. सेक्रेटरीच्या संदेशापाशी थांबलो.

टपरीवाल्याच्या फोनवरून हिला फोन लावला. ही म्हणाली, अरे वा, आहात तर. मी विचारलं, तुला काळजी वाटली नाही? म्हणाली, चार दिवस सांत्वनाचे फोन घेतेय, काळजी करायला वेळ कुठे मिळाला? लोकांना सांगते, अहो, ते जिवंत आहेत, सायकल घेऊन गेलेत. लोक म्हणतात, धक्का बसलाय बिचारीला, मान्य करत नाहीये.

पुढचं ऐकून मात्र चहाचा कप खाली ठेवला. दादानं कात्रण जोडून स्पर्धेच्या कमिटीला रीतसर पत्र पाठवलं. सगळा जन्म रेकॉर्ड ऑफिसात काढला त्यानं, रीतसर केल्याशिवाय त्याला शोकही करता येत नाही. कमिटी भली. म्हणाली, अशा प्रसंगी मुलीवर भार नको, सामना राखीव पंचाला देऊ.

लेकीचा सामना. माझ्या चौकटीपायी.

मी म्हटलं, मी स्वतः कमिटीशी बोलतो, मी सगळं निस्तरतो. ही म्हणाली, लेकीनं सकाळीच निस्तरलं. कमिटीला म्हणाली, बाबा गेले असते तरी मी सामना सोडला नसता. आणि ते गेलेले नाहीत, त्यांना उशीर झालाय. सामना तिच्याकडेच आहे.

बोलणं झालं. माझ्या फोनमुळे मार्ग निघाला.

ठेवता ठेवता हिनं विचारलं, आहात कुठे नक्की? बंदराचं नाव सांगितलं. मग म्हणाली, तिथं लग्नानंतर आपण एकदा रविवारी फिरायला गेलो होतो. दुपारी निघालो आणि जेवायला घरी परत होतो.

शाश्वत प्रवास अंतरात मोजायचा नसतो.

१३ जून

मासळीचा रिकामा ट्रक घराकडे चालला होता. ड्रायव्हर म्हणाला, बसा. डिझेल आहे, मान्य. पण ट्रक तसाही जाणारच होता. माझ्यामुळे त्याच्या धुरात तसूभर भर पडलेली नाही. ह्या मुद्द्यावर एक स्वतंत्र लेख होईल.

सायकल बंदराच्या क्लोकरूममध्ये सोडली. फोटोग्राफरला सांगेन, समुद्राची हवा तिला मानवते.

ट्रक वाटेत गावोगाव थांबत गेला, त्यामुळे रात्र ट्रकमध्येच, आणि झोप नाही. ड्रायव्हरला बोलायला माणूस हवा होता, आणि त्याचे विषय थोडे होते. वासाबद्दल लिहीत नाही.

१४ जून, घरी

ही काल गेली. जिन्यात समोरच्या काकू भेटल्या. एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, फोटो चांगला आला होता हो. मग नाकाला पदर लावून वर गेल्या. शोक म्हणून की वास म्हणून, सांगता येत नाही.

कमिटीला ईमेल पाठवला. मी हयात असून माझ्याविषयीचं वृत्त अवाजवी आहे, अशा भारदस्त भाषेत. तासाभरात उत्तर: दिवंगत व्यक्तीकडून आलेला मजकूर ग्राह्य धरता येत नाही, कृपया सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा. दादाला फोन करून विचारलं, सक्षम अधिकारी म्हणजे कोण? आधी दहा मिनिटं रडला. मग म्हणाला, आज रविवार आहे.

पेपरनं खुलासा छापलाय. कात्रीचीच भाषा. ‘आमचे प्रतिनिधी हयात आहेत. वाचकांच्या झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

मेहुणा आला. तिकीट टेबलावर ठेवलं. ही जागा पाच तारखेपासून धरलेली होती, माझ्या नावावर. बहिणीनं सांगितलं होतं म्हणे. मी तिकिटाकडे पाहिलंच नाही, असं करून पाहिलं.

येरझाऱ्या. पाणी प्यायलो. पुन्हा येरझाऱ्या. गाडीनं गेलो तर सोळा तारीख गाठणं शक्य नाही. वाऱ्याचं काय, माहीत नाही. ‘या वेळी तरी’. हे शब्द भिंती बोलाव्यात तसे चारही खोल्यांत ऐकू येतात.

आता नीट विचार केला तर ट्रकचाच न्याय इथं लागू होतो. विमान तसंही जाणारच आहे. मी नसलो तरी माझी खुर्ची जाणारच. उलट ती रिकामी गेली तर तेवढा धूर वाया. म्हणजे बसण्यातच पृथ्वीचं हित आहे. ह्या निष्कर्षापर्यंत मी स्वतः आलो, तिकिटाचा संबंध नाही.

मेहुण्याला फोन केला. म्हटलं, खिडकी नको.

१५ जून, विमानतळ

घरापासून टॅक्सीनं आलो. टॅक्सी विमानतळाकडे तशीही येणारच होती, असं मी म्हणालो. ड्रायव्हर म्हणाला, नव्हती.

रात्री झोप नाही. छातीत थोडी धडधड, ती अर्थातच चहानं.

१५ जून, विमानात

दोन्ही डोळे मिटून, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून सबंध वेळ ध्यान केलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, माझा हात सोडा, बोटं बधिर झालीत. दांडा समजून गल्लत झाली. तेवढं सोडलं तर आकाश हा काही फार वाईट प्रदेश नाही. पाहिला नाही, पण अंदाज आला.

उतरल्यावर विमान बदलायचं होतं. दुसऱ्यातही ध्यान. सुंदरीनं विचारलं, सर, काही हवंय का? म्हटलं, जमीन. तिनं पाणी आणलं.

१६ जून, दुपारी, स्टेडियम

पोचलो. वेळेआधी पोचलो. हे ठळक नोंदवतो.

दारात ही उभी होती. मी विमानाविषयी बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, दाढी करायची होती. मग माझी कॉलर नीट केली. तिचा हात जरा वेळ तिथंच राहिला. आत गेलो.

लेक अजून भेटलेली नाही. पंचांना सामन्याआधी कोणाला भेटू देत नाहीत. लांबून दिसली. मैदानाच्या कडेला धावत होती, काळा पोशाख, केस घट्ट मागे बांधलेले. एवढी उंच कधी झाली? हिला विचारलं. ही म्हणाली, टप्प्याटप्प्यानं.

ठरवलंय, एक क्षणही चुकवायचा नाही. प्रत्येक निर्णय टिपायचा. वही मांडीवर, पेन तयार. तीन रात्री नीट झोप झालेली नाही, पण मेंदू लख्ख आहे. लेकीनं या वेळी तरी म्हटलं होतं ना? तर हा आलो.

खेळाडू रांगेत उभे राहताहेत. लाउडस्पीकरवरून काहीतरी सांगताहेत. सगळं स्टेडियम उभं राहिलंय. शेजाऱ्याला विचारलं, काय आहे? म्हणाला, एक मिनिट शांतता. कोण गेलं? म्हणाला, पंचाचे वडील. मी म्हटलं, अरेरे, आणि उभा राहिलो.

मग लक्षात आलं.

हिला म्हटलं, ही चूक आत्ताच्या आत्ता दुरुस्त करायला हवी, मी खाली जाऊन सांगतो. तिनं माझी बाही धरली. म्हणाली, लेक तिकडे उभी आहे, गोंधळ घालू नका. एक मिनिट गप्प राहायचंय, तेवढं तरी करा.

मान खाली घातली. हजारो माणसं, आणि टाचणी पडली तरी ऐकू यावी. आठ दिवसांत पहिल्यांदा कुठूनही काही आवाज नाही. गाडी नाही, वारा नाही, ट्रक नाही, येरझाऱ्या नाहीत. माझ्यासाठी पाळलेली शांतता मीही मनापासून पाळायची ठरवली. सगळे बसले तसा बसलो. डोळे फक्त टेकवले.

शिट्टी वाजली. खणखणीत. आमच्या लेकीची. डोळे उघडले, पेन उचललं, म्हटलं, झाला सुरू.

लोक उठून चालले होते.

१६ जून, संध्याकाळ

हिला विचारलं, उठवलं का नाहीस? म्हणाली, माझं लक्ष तुमच्याकडे नव्हतं.

शेजाऱ्याकडे चौकशी करणार होतो, तो निघून गेलेला. संपादकबाईंचा हिच्या फोनवर मेसेज: रिपोर्ट? वही उघडून पाहिली. तारीख टाकलेली आहे. अक्षर सुंदर आहे.

बाहेरच्या कट्ट्यावर थांबलो. लेक आली. ओले केस, खांद्याला बॅग, गुडघ्यावर खरचटलेलं. मला पाहून थांबली. बाबा, म्हणाली, आणि बॅग खाली न ठेवताच गळ्यात पडली. बॅगचा कोपरा बरगडीत रुतला, मी हललो नाही. म्हणाली, आलात. म्हटलं, म्हणजे काय? म्हणाली, पाहिलंत ना? म्हटलं, हो. कसा झाला?

आयुष्यभर बातम्या लिहिल्या, तेव्हा अशा वेळी शब्द आपोआप येतात. म्हटलं, सामना शांततेत पार पडला.

तिनं आईकडे पाहिलं. आईनं लांबच्या दिव्यांकडे.

नंतर जेवताना पलीकडच्या टेबलावरून कानावर आलं. आजच्या सामन्यात पंचानं चौघांना मैदानाबाहेर काढलं, दोन्ही संघ एकमेकांच्या अंगावर धावून गेले, प्रेक्षकांतून बाटल्या आल्या, आणि ती एकटी मधोमध उभी राहिली, एक पाऊल मागे सरली नाही. एवढी कणखर पोरगी पाहिली नाही, असं ते म्हणत होते. मीही पाहिली नाही.

लेकीनंही ते ऐकलं. माझ्या ग्लासात पाणी ओतलं आणि म्हणाली, बाबा, फार लांबून आलात, दमला असाल. आता जरा झोप घ्या.

म्हटलं, झाली.